मुळांभोवतीची माती

आज सूर्य आर्द्रा नक्षत्रात प्रवेश करीत आहे. गेले तेरा-चौदा दिवस मृगाने आपल्या आशानिराशेशी खेळ मांडला. कुठे पहिल्याच दिवशी धो धो कोसळला, कुठे नुसते ढग दाखवून पुढे सरकला. तरी पंचांगाचे पान उलटून बोट आर्द्रेवर टेकले, की मन आपोआप ओलावते. नावातच ओल घेऊन येणारे हे नक्षत्र. मृगाचा पाऊस धूळ बसवतो, तापलेली कौले आणि पत्रे निववतो, मातीचा वास उठवतो. मातीच्या पोटात ओल उतरते ती आर्द्रेत. सकाळी गच्चीवर जाऊन त्र्यंबकच्या बाजूला पाहावे, तर अंजनेरी आणि ब्रह्मगिरी ढगांत गेलेले असतात. गंगेला पहिले लाल पाणी येते. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि वर्षातून एकदा तिच्या पाण्याचा रंग बदलला की आपलेही वर्ष खऱ्या अर्थाने सुरू झाले, असे त्याला वाटते.

आपला जिल्हाच मुळी रोपे हलवणाऱ्यांचा. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे भाताची रोपे या दिवसांत तरारू लागतात. तीनेक आठवड्यांची झाली की बायाबापे गुडघाभर चिखलात उतरतील आणि आवणी सुरू होईल. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताच्या बोटांनी चिखलात खोचलेल्या दोन-चार काड्या, आणि एक पाऊल मागे. निफाड-चांदवडकडे कांद्याची रोपे टाकली जातील, दिंडोरीकडे टोमॅटोची रोपे वाफ्यातून सरीवर जातील. एका जागी जन्मायचे आणि दुसऱ्या जागी वाढायचे, हा इथल्या पिकांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या इगतपुरीत तो तीन हजारांच्या पलीकडे जातो; इतक्या थोड्या अंतरात पावसाच्या इतक्या तऱ्हा पाहिलेल्या या मातीत कोणते रोप केव्हा आणि कसे हलवावे, हे शहाणपण बोटांत मुरलेले असते. आर्द्रेच्या मागून पुनर्वसूचा तरणा पाऊस येतो, त्याच्या मागून पुष्याचा म्हातारा. आज ज्याची जागा बदलली, त्याला नवी माती ओळखून घ्यायला या तीन नक्षत्रांचे पाणी मिळते. म्हणून घरच्या बागेतले एखादे झुडूप हलवायचे असेल, तर जाणती माणसे आर्द्रेची वाट पाहतात.

पंचवटीतला एक जुना वाडा यंदा उतरवला जात आहे. असे वाडे आपण सगळ्यांनीच उतरताना पाहिले आहेत. सागवानी खांब, तुळया, कोनाड्यांच्या चौकटी, तांब्याचे बंब, दगडी उखळ. टेम्पोत काय चढते आणि काय मागे राहते याचा एक न लिहिलेला नियम असतो, आणि त्या नियमात परसातल्या झुडपांना जागा नसते. तुळस वृंदावनासकट जाते. तगर, जास्वंद, कढीपत्ता यांच्याकडे जाता जाता सगळे एकदा पाहतात आणि पुढे होतात. मोठ्या झाडाला निदान खोडावर क्रमांक पडतो, परवानगीचा कागद निघतो, कुणीतरी हरकत घेतो. झुडपाला कुणी मोजत नाही. या वाड्यात न्हाणीघराच्या मोरीजवळ, सांडपाण्यावर पोसलेला एक अडुळसा होता. घरातल्या आजींनी सांगितले, तो सोबत येणार. नवे घर पाथर्डी फाट्याकडचे, रो हाउस, मागे दहा बाय बाराची मोकळी जागा, खाली सगळा मुरूम. मुलगा म्हणाला, आई, नर्सरीतून नवा आणू. आजींनी त्यावर काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्याला बोलावणे पाठवले.

अडुळसा दिसायला साधा. पुरुषभर उंचीचे, बुडापासून फुटणारे सदाहरित झुडूप. भाल्यासारखी लांब पाने, चुरगळली की उग्र, कडवट वास. शेळी त्याला तोंड लावत नाही. म्हणूनच तर कुंपणाला तो लावत आले. लिनिअसने १७५३ साली त्याला जे शास्त्रीय नाव दिले, त्यातला ‘अधाटोडा’ हा शब्दही तमिळमधल्या ‘शेळी न शिवे ते’ अशा अर्थाच्या नावावरून आलेला. आयुर्वेदात तो वासा. खोकला झाला की अडुळशाच्या पानांचा रस मधातून, हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. आणि आजच्या औषधांच्या दुकानात कफ पातळ करणारे जे ब्रोमहेक्झिन मिळते, तेही या पानांतल्या व्हॅसिसीन नावाच्या द्रव्याच्या अभ्यासातून जन्माला आले. थंडीत त्याला पांढरी फुले येतात, खालच्या पाकळीवर जांभळट-गुलाबी रेघा असलेली. भुंगे येतात, शिंजीर येतो, आणि शाळेतून आलेली पोरे फूल ओढून त्याच्या देठाकडचा गोड थेंब चोखतात. कडू पानांच्या झाडाने इतके गोड थेंब ठेवावेत याचे नवल त्या वयात वाटत नाही. पुढे कधीतरी वाटते.

माळीकाकांनी झुडूप हलवण्याच्या महिनाभर आधीच कामाला सुरुवात केली होती. खोडापासून हात-सव्वा हात अंतरावर गोल आखून त्यांनी निम्म्या वर्तुळात धारदार फावड्याने चर घेतला, आडवी गेलेली मुळे स्वच्छ कापली आणि चर मातीने व कुजलेल्या शेणखताने पुन्हा भरला. उरलेले निम्मे वर्तुळ पंधरा दिवसांनी. कापलेल्या मुळांच्या टोकांना या मुदतीत केसांसारखी बारीक पांढरी मुळे फुटतात, आणि नव्या जागी पाणी शोधण्याचे काम तीच करतात. जाड मुळे झाडाला उभे धरतात. पाणी पितात ती ही बारीक मुळे. घाईने उपटलेले झुडूप आठवड्यात माना टाकते, त्याचे कारण एवढेच, की त्याची पाणी पिणारी तोंडे जुन्या खड्ड्यातच तुटून राहिलेली असतात आणि वरची पाने मात्र पूर्वीसारखीच पाणी मागत असतात. त्यासाठी मग वरचा पसाराही कमी करावा लागतो. माळीकाकांनी एक तृतीयांश फांद्या छाटल्या. इतक्या जपलेल्या झाडावर कात्री चालवताना पाहणे आजींना जड गेले असावे, कारण त्या तेवढ्या वेळापुरत्या आत निघून गेल्या.

परवा संध्याकाळी, आर्द्रेच्या तोंडावर, ढगाळ आभाळ पाहून, अडुळसा हलला. आदल्या दिवशी त्याला पोटभर पाणी दिले होते. ‘‘आधी पाजा त्याला दादा,’’ आजी म्हणाल्या होत्या, ‘‘उपाशीपोटी कुणाला घराबाहेर काढू नये.’’ माळीकाका हसले, पण त्यांचेही मत तेच होते. ओली माती मुळांना धरून राहते, कोरडी गळून पडते. चहूबाजूंनी खणत, खालून फावडे सरकवत त्यांनी मुळांचा गड्डा सुटा केला. वाड्याच्या परसातली ती काळी माती, त्यात कोळशाचे तुकडे, एक फुटकी पणती, कुणाच्या तरी बांगडीची हिरवी काच. गड्डा गोणपाटावर घेतला, सुतळीने आवळला. ‘‘आजी, हे उत्तरेचं अंग. तिकडंही असंच उत्तरेला ठेवू, म्हणजे ज्या सालीला ऊन माहीत नाही तिला एकदम ऊन लागायचं नाही,’’ माळीकाका म्हणाले, आणि खूण करायला काही शोधू लागले, तेव्हा आजींनी करंडा आणून त्या बाजूच्या खोडाला कुंकवाचे बोट लावले.

नव्या जागी खड्डा तयार होता. गड्ड्याच्या दीडपट रुंद, आणि खोली मात्र गड्ड्याएवढीच. खोल खड्ड्यात झाड दाबले की बुंधा मातीत गाडला जातो आणि कुजतो. पूर्वी जेवढे मातीत होते तेवढेच मातीत असावे. मुरमाच्या गुळगुळीत भिंती पहारीने खरवडून ठेवल्या होत्या, नाहीतर मुळे कुंडीत असल्यासारखी आतल्या आतच फिरत राहतात. भरायला जागेवरचीच माती, थोडे जुने शेणखत, वाळवीसाठी मूठभर निंबोळी पेंड. रासायनिक खत अजिबात नाही. मातीला वाफसा होता, म्हणजे मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलला तर फुटावा, इतपतच ओल. चिखलात लावलेले झाड मुळांना हवा मिळत नाही म्हणून गुदमरते, हे ऐन पावसात लागवड करणाऱ्या हौशी माणसाला कुणीतरी सांगायला हवे असते. भोवती आळे केले, दोन बादल्या पाणी हळूहळू सोडले, बुडबुडे येऊन थांबेपर्यंत. वर वाळक्या पानांचे आच्छादन, पण खोडापासून वीतभर दूर. मग सगळे उभे राहून त्या अर्ध्या-उण्या, फांद्या छाटलेल्या झुडपाकडे पाहत राहिले. बोलण्यासारखे काही नव्हते.

त्या शांततेतून आपल्याला एका शब्दाकडे यायचे आहे. पुनर्रोपण हा शब्द अलीकडे आपल्या शहराच्या कानावर फार येतो. २०२५ च्या नोव्हेंबरात तपोवनातल्या झाडांवर खुणा पडल्या. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तिथली सुमारे १८०० झाडे काढण्याचा प्रस्ताव पुढे आला, आणि नाशिककर रस्त्यावर उतरले. कुणी झाडांना मिठ्या मारल्या, कुणी हरकती लिहून दिल्या. त्या वादात पुनर्रोपणाचा उल्लेख पुन:पुन्हा झाला. झाडे मरणार नाहीत, हलवली जातील, असा दिलासा त्या शब्दात होता. सिंहस्थ आपल्या सर्वांचा आहे, त्याची तयारी व्हायलाच हवी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण ज्याने आयुष्यात एकदा तरी घरामागचा कमरेएवढा अडुळसा हलवला आहे, त्याला हा शब्द उच्चारताना जीभ जड होते. एका झुडपासाठी महिनाभराची तयारी, दोन खेपांत कापलेली मुळे, एक ढगाळ संध्याकाळ, आणि पुढे वर्षभराची राखण. पन्नास वर्षांच्या वडाचा किंवा चिंचेचा मुळांचा पसारा किती, त्यातला किती भाग यंत्राच्या पात्यात मावतो, आणि त्याला पुढच्या वैशाखात पाणी कोण घालणार, हे प्रश्न ज्याने विचारले तो विकासाच्या आड येतो असे आपण मानू नये. त्याच्या हातांना माती ठाऊक असते, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हे शहर झाडांची मोजदाद मनापासून करीत आलेले आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, जवळपास १९०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या दानांच्या यादीत गायी आहेत, नदीचे घाट आहेत, धर्मशाळा आहेत, आणि नानंगोल गावातली ३२ हजार नारळाची झाडेही आहेत. प्राकृत-संस्कृताच्या त्या मिश्र भाषेत झाडांची संख्या ‘मूल’ या शब्दाने मोजली आहे. इतकी नारळाची मुळे दिली, असा तो हिशेब. दाता शेंडे मोजत नाही, मुळे मोजतो. आज आपण लावलेल्या रोपांचे आकडे छापतो. पहिला उन्हाळा पार केलेल्या मुळांचे आकडे छापण्याची पद्धत सुरू झाली, तर वनमहोत्सवाच्या सप्ताहालाही वेगळे तेज येईल. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी तो सुरू केला तेव्हापासून दर जुलैत आपण झाडे लावतो आहोत, आणि त्यांपैकी पुष्कळशा खड्ड्यांत पुढच्या जुलैत पुन्हा नवी झाडे लावतो आहोत.

याला सुंदर अपवाद आपल्याच भोवती आहेत. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ च्या पर्यावरणदिनी हजारो नाशिककरांनी देशी झाडांची रोपे लावली, आणि नंतरच्या उन्हाळ्यांत तिथे पाणी वाहून नेणारे हात थांबले नाहीत, म्हणून आज त्या उघड्या डोंगराला आपण देवराई म्हणू शकतो. बोरगड २००८ मध्ये राज्यातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र झाले. एकेकाळी बोडक्या असलेल्या त्याच्या उतारांवर देशी झाडझाडोरा वाढवण्यात लोकांच्या श्रमाचा वाटा आहे. इथे एक विनवणीही करायला हवी. देशी झुडपांची ओढ लागलेली काही मंडळी पावसाळी सहलीला अंजनेरीला किंवा हरिहरला जातात आणि येताना एखादे करवंदाचे, धायटीचे रोप उपटून पिशवीत घालून आणतात. करवंदाचे मूळ खडकाच्या फटीत खोल गेलेले असते; ते अर्ध्यावर तुटते, घरी आठ दिवसांत रोप वाळते आणि डोंगरावरची जागा रिकामी राहते. डोंगरावरचे डोंगरावरच असू द्यावे. करवंद हवेच असेल, तर मे महिन्यात पानांच्या द्रोणातून विकायला येणारी पिकलेली करवंदे खाऊन त्यांच्या ताज्या बिया पिशवीत टोकाव्यात, कारण त्या फार दिवस टिकत नाहीत. किंवा वन विभागाच्या वा खासगी रोपवाटिकेतून रोप घ्यावे. हलवायचे ते आपल्याच अंगणातले, ज्याची जागा आपल्यामुळेच जाणार आहे ते.

आपल्या वसाहतींच्या दुभाजकांवर आणि बंगल्यांच्या कुंपणांवर आता कोनोकार्पस दिसतो, डोंगरउतारांवर गिरिपुष्प आणि घाणेरी. दूर देशांहून आलेल्या या वनस्पतींवर राग धरायचे कारण नाही; गुलमोहोर मादागास्करहून आला आणि आपल्या मे महिन्याचा झाला. पण अडुळसा, निर्गुडी, कोरांटी, करवंद यांच्याशी इथल्या भुंग्यांचे, पाखरांचे आणि आजीबाईच्या बटव्याचे जे जुने नाते आहे, ते एका पिढीत तुटले तर दुसऱ्या पिढीला जोडता येत नाही. कारण दुसऱ्या पिढीला त्यांची नावेच माहीत नसतात. रो हाउसच्या शेजारच्या घरातली आठ वर्षांची मुलगी त्या संध्याकाळी कुंपणावरून विचारत होती, ‘‘आजी, हे कसलं झाड?’’ आजींनी एक पान तोडून तिच्या हातावर चोळले. तिने वास घेऊन नाक मुरडले आणि पुन्हा हात नाकाजवळ नेला.

आता पुढचे दिवस कसोटीचे. काही पाने पिवळी पडतील, गळतील. घाबरून जास्तीचे पाणी ओतण्याचा मोह होईल. तो आवरावा. झुडूप त्या काळात वर काहीच करत नाही. त्याचे सगळे लक्ष खाली असते. तीन-चार आठवड्यांनी पेरांवर हिरवे ठिपके दिसले तर मुळांनी जागा धरली असे समजावे. खरी परीक्षा मात्र चैत्र-वैशाखात, जेव्हा वर्तमानपत्रांत झाडांच्या बातम्या नसतात आणि टाकीतले पाणीही मोजून वापरावे लागते. तेव्हाची, आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घालून केलेली राखण, हीच आजच्या आर्द्रेला घेतलेल्या संकल्पाची पूर्ती. घर बदलून नव्या वसाहतीत आलेल्या माणसांचेही पहिले वर्ष असेच जाते, हे आपल्यातल्या पुष्कळांनी अनुभवले आहे. शेजार नवा, पाण्याची वेळ नवी, भाजीवालीची हाक नवी. अशा वेळी ज्याच्यासोबत जुन्या जागेची थोडीशी माती आली असेल, तो लवकर रुजतो. कुणाकडे ती एखाद्या सणाच्या रीतीतून येते, कुणाकडे पदार्थाच्या चवीतून. आजींकडे ती गोणपाटात बांधून आली, फुटक्या पणतीसकट.

छाटलेल्या फांद्या त्यांनी टाकू दिल्या नाहीत. अडुळसा फांदीपासून सहज होतो. पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार डोळ्यांच्या काड्या माळीकाकांनी तीन काळ्या पिशव्यांत खोचून सावलीत पायरीवर ठेवल्या. एक त्यांनी स्वतःच मागून घेतली. दुसरी शेजारच्या मुलीची, तिने पिशवीवर खडूने नाव लिहूनही टाकले. तिसरीकडे कुणीतरी हात केला, तेव्हा आजींनी ती उचलून आतल्या बाजूला सरकवली. पंचवटीत वाड्याच्या जागी दोन-अडीच वर्षांत इमारत उभी राहील, तिच्या मागच्या अंगाला मोरीजवळची ती जागा मोकळीच राहणार आहे असे नकाशात त्यांनी पाहून घेतले होते. ‘‘ही इथं नाही राहायची,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ही परत जायची आहे.’’